निकाल वाचणारा नवरा

आमच्या विश्वासला कोर्टाचे निकाल वाचायचा नाद. जन्म गेला बँकेत हिशेब तपासण्यात, पण जीव सगळा न्यायालयात. राष्ट्राध्यक्षावर त्याच्या अधिकृत कामांसाठी खटला चालवता येणार नाही, असं अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तेव्हा इथे सिंगापुरात, बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांपाशी स्वारीने मित्रांना धरून बसवलं. कोपी, म्हणजे इथली कॉफी, थंडगार झाली तरी निकाल संपेना.

"राज्यकर्त्याला जाब विचारायचा नाही, मग उरलं काय?" विश्वास तावातावाने म्हणाला.

"तुझं काय जातंय रे? तू सिंगापूरला," शैलेंद्र म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या वर्षी आमच्या एकुलत्या एक राधिकाला दिवस गेले. ती आणि जावई क्षितिज टेक्सासला, वर्क व्हिसावर. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मी टेक्काच्या बाजारातून डिंक आणला, अळीव आणले, विश्वासची पुस्तकं हलवून तिची खोली मोकळी केली.

आणि तो दुसरा निकाल आला. व्हिसावरच्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही, असा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम होता. खालच्या न्यायाधीशांनी तो देशभर अडवला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एकेका न्यायाधीशाने साऱ्या देशासाठी सरकारला असं अडवायचं नाही. आता तो हुकूम कुठे, कधी, कुणाला लागू होणार, ते कुणालाच सांगता येईना.

तिथेच राहावं तर बाळाच्या नागरिकत्वाचा भरवसा नाही. तिथे राहायचा परवाना चालू होता, पण इथे यावं तर परत शिरायला लागणारा पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. नवा मिळेपर्यंत नवरा तिकडे, बाळ-बाळंतीण इकडे, आणि मिळेलच याची हमी नाही. मी जाते म्हटलं, तर माझ्या भारतीय पासपोर्टवर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बाळ रांगायला लागल्यावरची. विश्वास निकाल पुन्हा पुन्हा वाचत होता. मला त्या कागदांचा संताप यायला लागला होता.

रविवारी राधिकाचा व्हिडिओ कॉल आला. पोट चांगलंच दिसत होतं. "बाबा, तू सगळं वाचतोस ना? जस्ट टेल मी लाह," तिने आपला सिंगापुरी हेल काढला. "येऊ की नको?"

जगाला निकाल समजावणाऱ्या माझ्या नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. अस्सा राग आला मला. पण त्याच्याकडे बघितलं आणि फोन नीट तोंडासमोर धरला.

"राधू," मी म्हटलं, "नको येऊस."

"ओके, आई," ती म्हणाली. हट्टसुद्धा केला नाही पोरीने.