ड्रायव्हरभाऊंची न पेटवलेली मेणबत्ती

ड्रायव्हरभाऊंची नजर जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण गल्लीने त्यांना अजून नोकरीवरून काढलेलं नाही. सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणतात. ते एका बेकरीची गाडी चालवायचे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग आरशातलं, मग समोरचंही धूसर व्हायला लागलं. तेव्हा कुणी सांगायची वाट न बघता त्यांनी गाडीची चावी मालकाच्या हातात ठेवली. "धडक दिली तर माफी कुणाची मागायची, तेही मला दिसायचं नाही," असं म्हणाले आणि चालत घरी आले.

पुढे बरेच दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लाँड्रीत इस्त्री करायच्या. संध्याकाळी त्यांचा उजवा खांदा दगडासारखा व्हायचा. एकदा भाऊंनी तो सहज दाबून दिला, तर वहिनींना बसल्या बसल्या डुलकी लागली. जाग आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हाताला एवढा गुण आहे, आणि ते हात उशीखाली घेऊन काय झोपता?"

त्यांनीच पाठ धरली म्हणून भाऊ अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात गेले, मालिश शिकले, आणि घराच्या पुढच्या खोलीत एक अरुंद, उंच पलंग टाकून धंद्याला लागले.

मी घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर मान खाली, त्यामुळे ती वर व्हायला कुरकुरते. मी भाऊंच्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी. त्यांच्या खोलीत शिरलं की आधी वास भेटायचा. सकाळी लॅव्हेंडर, दुपारी लिंबाच्या पानांसारखा काहीतरी. कोपऱ्यातल्या फळीवर काचेच्या ग्लासात सुगंधी मेणबत्ती जळत असायची. ती ते स्वतः पेटवायचे. तळहात वर धरून वात लागली की नाही ते बघायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्हाला हिचा काय उपयोग?"

"तुम्ही डोळे मिटून पडता," ते म्हणाले. "म्हणजे खोलीत आपण दोघंही सारखेच. मग नाकाला तरी काहीतरी बघू द्या की."

आणि अशाच एका दिवशी माझा मफलर जळाला. खुंटीवरून घसरून तो फळीवर पडला होता. मी पालथा, अर्धवट झोपेत. भाऊंचे हात माझ्या मानेवर एकदम थांबले. "लोकर जळतेय," ते म्हणाले. मी डोकं वर करेपर्यंत त्यांनी बादलीतला ओला टॉवेल उचलला होता आणि वासाच्या रोखाने जाऊन फळीवर दाबला होता. चर्र झालं, धूर झाला, आणि संपलं. मफलरच्या टोकाला भोक पडलं, एवढंच. पण भाऊ खाली बसले ते बसलेच. "तुमच्या जागी एखादी म्हातारी असती तर?" असं दोनदा म्हणाले.

धूर जिन्यातून खाली गेला होता. खाली मालकीणबाई राहतात. त्या निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या वर आल्या, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "माझ्या घरात यापुढे काडी ओढायची नाही. मी भाजलेल्यांच्या वॉर्डात नोकरी केलीय. मला यावर चर्चा नको."

भाऊंनीही केली नाही. मेणबत्त्या खोक्यात गेल्या. मालिश चालूच होती, हात तेच होते, पण भाऊ कमी बोलायला लागले. एकदा म्हणाले, "खोली मुकी झाल्यासारखी वाटते."

मग वहिनींनी कुठूनतरी विजेवर चालणारा वॉर्मर आणला. बशीएवढी गोल तबकडी, मागे वायर. तिच्यावर मेणबत्तीचा ग्लास ठेवायचा, वात पेटवायचीच नाही. तबकडी तापते, मेण वितळतं, वास सुटतो.

"आग नाही आणि मेणबत्ती म्हणे," भाऊ म्हणाले. "म्हणजे इंजिन नसलेली गाडी."

"ढकलून तर बघा," वहिनी म्हणाल्या आणि कामाला गेल्या.

भाऊंनी बटण दाबलं, थोडा वेळ थांबले. वास काही येईना. चालू आहे की नाही कळावं म्हणून त्यांनी ग्लास उचलला आणि बोट थेट तबकडीवर टेकवलं. तबकडी चालू होती.

मालिश करणाऱ्याचं बोट पोळणं म्हणजे गवयाचा घसा बसणं. फोड आला, गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली. वहिनी औषध मागायला खाली गेल्या, तर सिस्टर मलम घेऊन स्वतःच वर आल्या. बोटाला पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "ज्योत नाही म्हणजे गरमच नाही, असं वाटलं का तुम्हाला? खोक्यात माहितीचा कागद असेल. कुठाय?"

कागद खोक्याच्या तळाशी घडी करून होता. तो भाऊंना वाचता येणं शक्य नव्हतं, आणि ज्यांना शक्य होतं त्या वहिनींनी तो उघडला नव्हता. सिस्टरांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात सगळा वाचून काढला. ग्लास सपाट बुडाचाच हवा. वात पेटवलेली मेणबत्ती वर ठेवायची नाही. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, चार यंत्रं लटकलेल्या बोर्डात नाही. जवळ पडदा नको, कपडा नको, कागद नको. चालू ठेवून घराबाहेर जायचं नाही. वितळलेलं मेण हलवायचं नाही.

"तुम्ही वाचलं की गोळ्या जेवणाआधी की नंतर, ते सांगितल्यासारखं वाटतं," भाऊ म्हणाले.

"मग तसंच पाळा," सिस्टर म्हणाल्या. पण पट्टी बांधून झाल्यावरही त्या गेल्या नाहीत. खोलीत फिरून म्हणाल्या, "हे इथे नको. खुंटीच्या खाली काहीही नको. त्या पलीकडच्या कोपऱ्यात काय आहे?"

तिथे काहीच नव्हतं. म्हणून तोच कोपरा ठरला. सिस्टरांनी मला दुकानातून बोलावून घेतलं, कारण गल्लीत बारीक स्क्रू माझ्याकडेच मिळतात. मी कमरेच्या उंचीवर फळी ठोकली, वर फरशीचा तुकडा बसवला आणि फळीला चहूबाजूंनी लाकडी कठडा केला. हात चुकून गेला तर आधी कठड्याला लागेल, तबकडीला नाही. वायर भिंतीला धरून नेली. सॉकेटवर फिरवायचा टायमर लावला. तो फिरवताना कटकट वाजतो आणि वेळ संपली की टक्क करून बंद होतो. भाऊंनी तो तीन-चारदा फिरवून ऐकला आणि पहिल्यांदा हसले. "हा गिअर मला चालेल," म्हणाले.

बोट बरं झालं, खोलीला वास आला. धूर नाही, छतावर काजळी नाही. सिस्टर सुरुवातीला रोज वर यायच्या, काहीतरी निमित्त काढून. कठड्यावरून हात फिरवायच्या आणि काही न बोलता जायच्या. हीच त्यांची शाबासकी.

काही आठवड्यांनी मी गेलो, तर भाऊ पलंगाच्या कडेला बसलेले. चेहरा उतरलेला. "घड्याळवाले, खरं सांगा. वास येतोय का?"

मी हुंगून बघितलं. "फार नाही."

"मला तर अजिबात नाही. ग्लास भरलेला आहे, तबकडी तापते, मेण वितळतं. मग वास कुठे गेला?" त्यांनी आवाज खाली आणला. "डोळे असेच गेले हो. आधी कडेकडेचं. आता नाकही निघालं असेल, तर मी काय करू?"

तेवढ्यात वहिनी लाँड्रीतून आल्या, त्यांनी ऐकलं आणि सरळ आत जाऊन एकेक वस्तू आणायला लागल्या. साबण. कॉफीचा डबा. लसणाची पाकळी. माझ्या खिशातलं घड्याळाचं तेलसुद्धा. भाऊंनी डोळे मिटून, म्हणजे सवयीने मिटून, सगळ्या बरोबर ओळखल्या. शेवटी वहिनींनी आपला तळहात पुढे केला.

"इस्त्री," भाऊ म्हणाले. "आणि आज कुणाचातरी शर्ट करपलाय."

"एका साहेबांचा," वहिनी म्हणाल्या. "नाक शाबूत आहे. दोष मेणाचा असणार."

तसंच निघालं. पेटवलेल्या मेणबत्तीचं मेण जळून कमी होत जातं. इथे ते जळतच नाही, नुसता वास उडून जातो. ग्लास भरलेला दिसतो, पण वरचं मेण कधीच फिकं पडलेलं असतं. वहिनींनी वॉर्मर बंद केला, मेण जरा निवू दिलं, आणि चिमट्यात कापसाचा मोठा बोळा धरून वरचा पातळ थर टिपून घेतला. मी म्हटलं, बेसिनमध्ये ओतलं असतं तर लवकर झालं असतं. त्यावर खालून आवाज आला, "नळी तुंबली तर घड्याळवाल्याला आत घालीन!" सिस्टर जिन्यातच उभ्या होत्या.

दुसऱ्यांदा तापवल्यावर लॅव्हेंडर असा आला की भाऊ उठून उभे राहिले. वहिनींचा खांदा धरला आणि तसेच उभे राहिले.

हे सगळं प्रशिक्षण केंद्रात कसं पोचलं कोण जाणे. तिथून एक बाई आल्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, नुकतीच नजर गेलेली, मालिश शिकून झालेली, पण एकटीने खोली थाटायची भीती वाटत होती. भाऊंनी त्यांना कठड्यावर हात ठेवायला लावला, टायमर ऐकवला, आणि गरम काय, गार काय, कधी हात लावायचा नाही, ते सांगितलं. सिस्टरांनी खालची कोठीची खोली रिकामी करून दिली. आता बाई तिथे तसाच वॉर्मर लावून बसतात.

त्यांना संत्र्याचा वास आवडतो, भाऊंना लॅव्हेंडर. दोन्ही वासांची जिन्यात मधोमध गाठ पडते. परवा मी मान दाखवायला गेलो, तर दोघांची जिन्यातच जुंपली होती, दार कुणी बंद ठेवायचं यावरून.

"माझी गिऱ्हाइकं वर येईपर्यंत संत्री होतात," भाऊ म्हणत होते.

"मग जरा लवकर या म्हणावं," बाई म्हणाल्या. "माझी आठ वाजल्यापासून दारातच रांगेत आहेत."