मिस्त्रींच्या घरचं मशीन

ज्या माणसानं आजूबाजूच्या सगळ्या घरांतली वॉशिंग मशीन्स गप्प केली, त्याच्या स्वतःच्या घरचं मशीन मात्र नाचायचं. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली ते उभं असायचं. कपडे पिळायची वेळ आली की आधी लांबलचक घुरघुर, मग एक दणका. घुर्र-र्र-र्र, धब. घुर्र-र्र-र्र, धब. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे कप एकमेकांना ढुशा द्यायचे. दर धुण्याला मशीन वीतभर पुढे सरकायचं आणि शेवटी दाराशी येऊन उभं राहायचं, जसं काही त्यालाही चहा हवाय.

या माणसाला नावानं कुणी हाक मारत नसे. गिऱ्हाईक, शेजारी, नातेवाईक, सगळ्यांचे ते मिस्त्री. बायको एरवी 'अहो' म्हणायची. चिडली की तीही मिस्त्रीच म्हणायची.

दुकानाचा फोन तीच घ्यायची. "हो हो, दुपारपर्यंत येतील," असं साखरेत घोळवलेल्या आवाजात सांगून फोन ठेवायची आणि त्याच दमात नवऱ्याकडे वळायची. "आपल्या मशीनची तक्रार नोंदवायला मी दुसऱ्या कुणाच्या घरात राहायला जाऊ का? म्हणजे तिथे तरी दुपारपर्यंत याल."

"या रविवारी बघतोच," मिस्त्री म्हणायचे.

पण रविवारी मिस्त्री गोल्फ खेळायला जायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं तेही एका मशीनमुळेच. सार्वजनिक गोल्फ मैदानावर टॉवेल धुण्याचं मशीन बिघडलं म्हणून ते गेले होते. काम झालं. चाचणीचे टॉवेल फिरत होते, तेवढ्या वेळात ते बाहेर येऊन सरावाच्या चटईजवळ उभे राहिले. तिथे शिकवणाऱ्या बाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. त्यांनी गंमत म्हणून काठी मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी काहीही विचार न करता ती फिरवली आणि चेंडू असा गेला, की त्याला तिकडे काहीतरी काम असावं. उंच, सरळ, निवांत. दुसऱ्या फटक्याला चेंडू जागचा हलला नाही, चटई मात्र हलली. पण पहिल्या चेंडूनं जे करायचं ते नुकसान करून ठेवलं होतं.

त्यानंतर किती रविवार गेले, तसा चेंडू काही परत गेला नाही. मास्तरीणबाईंचं निदान पहिल्या आठवड्यातच झालं होतं. मिस्त्रींच्या हातांना आयुष्यभर एकच सवय लागलेली, गंजलेला नट सैल करायची. दम धरायचा, मग हिसका द्यायचा. काठी वर जायची ती ठीक, पण खाली येताना खांदे हिसका द्यायचे आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत. बाईंनी सांगितलं, वर जाताना सावकाश जायचं. वर जायला जितका वेळ लागतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काठी खाली येते, पण ती आणायची नसते, यायची असते.

मग सराव सुरू झाले. दोन्ही पाय जोडून उभं राहायचं आणि अर्धाच फटका मारायचा. हिसका दिला की तोल जातो, म्हणजे शरीरच चहाडी करतं. काखेत टॉवेल दाबून काठी फिरवायची. टॉवेल पडला की समजायचं, हात एकटेच पळाले, अंग मागे राहिलं. काठी उलटी धरून हवेत फिरवायची आणि कान द्यायचा. सुर्र असा आवाज चेंडूच्या जागेच्या पुढे यायला हवा, आधी नाही. मिस्त्रींचा सुर्र कानामागेच व्हायचा. "मिस्त्री, बस सुटतेय का तुमची?" बाई विचारायच्या.

घरी ते अंगणात सराव करायचे. दोरीवर जुनी चादर टांगायची, स्पंजचा चेंडू तिच्यावर मारायचा. आणि एका दुपारी, शेजारी मशीनमध्ये कपडे पिळले जात असताना, त्यांना सापडलं. घुर्र-र्र-र्र म्हणताना काठी वर गेली, धब म्हणताना खाली आली. चेंडू चादरीच्या बरोबर मधोमध. पुन्हा मारला. पुन्हा मधोमध. इतकी वर्षं ज्या आवाजावरून बोलणी खाल्ली, तो आवाज बाईंनी सांगितलेल्याच मापाचा होता. लांब वर, आखूड खाली.

खरं म्हणजे त्या मशीनला रोग असा नव्हताच. पुढचा एक पाय सैल होता, एवढंच. दोन मिनिटांचं काम, आळसापोटी राहून गेलेलं. त्या दुपारनंतर मात्र त्यांनी आळस सोडला. पाना घेतला आणि तो पाय आणखी जरासा सैल केला.

आता धुण्याचे कपडे पुरेनात. पण त्याचीही सोय आपोआप झाली. चेंडूचे डाग पडले की चादर धुवायला टाकायची, ती फिरू लागली की दुसरी चादर टांगून सराव करायचा, तोवर तीही मळायची. घरात मिस्त्रींना धुण्याची इतकी आवड कधी नव्हती. बायको कपाट उघडून बघायची आणि बोलायची नाही. न बोलणं हे तिच्या रागाचं पहिलं पाऊल असतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

लक्ष होतं साडूंकडे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, चष्म्यांचं दुकान चालवणारा, बोलका आणि हसरा. त्याच्याशी वैर करावं असं त्यात काही नव्हतं. पण सासुरवाडीला दोघे जावई एकदम गेले, की साडूंच्या हाती चहाचा कप यायचा आणि मिस्त्रींच्या हाती पाना. साडूंना सल्ला विचारायचे, मिस्त्रींना नळ दाखवायचे. कुणाच्या मनात खोट नव्हती. तरी मिस्त्रींना एकदा, एकदाच, साडूंच्या शेजारी हातात पाना न घेता उभं राहायचं होतं.

तशी संधी चालून आली. साडू त्याच मैदानावर वर्षानुवर्षं खेळत. मैदानावर दरवर्षी जोड्यांचा सामना व्हायचा, दोघांनी आळीपाळीनं एकच चेंडू मारायचा. साडूंच्या जोडीदाराची, औषधांच्या दुकानवाल्याची, कंबर धरली. साडूंनी मिस्त्रींना विचारलं. अट एवढीच की नवव्या होलच्या आधी जे तळं आहे ते येत्या रविवारी ओलांडून दाखवायचं. "नाहीतर काय होईल मिस्त्री, मी चेंडू काठावर आणणार, तुम्ही आंघोळीला पाठवणार. तीन चेंडू देतो. जमलं तर जोडी आपली, नाही तर मी केशकर्तनवाल्याला विचारतो."

मिस्त्री घरी आले ते शीळ घालत. आणि अंगणात पाऊल टाकताच त्यांची शीळ थांबली. मशीन चालू होतं आणि आवाज येत नव्हता.

शेजारी चौकातला मेकॅनिक उभा होता, हात पुसत. शिंप्याच्या घरी दुसऱ्या शिंप्यानं माप घ्यायला यावं, तसा प्रकार. तो बिचारा स्वतःच ओशाळला होता. त्यानं खाली मान घालून सांगितलं, की बिघाड काहीच नव्हता, पाय सैल होता, आणि त्याच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा दिसतात. एवढं बोलून तो मागच्या दारानं निघून गेला.

बायकोनं चादरींची चळत आणून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवली.

"मुद्दाम सैल केला होता?"

मिस्त्री म्हणाले, "त्याच्या तालावर जमतं मला."

"कशाच्या?"

सांगून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी काठी उचलली. "घुर्र-र्र-र्र," म्हणत वर नेली, "धब," म्हणत खाली आणली. बायकोच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"म्हणजे माझे कप तुमच्या काठीपायी फुटत होते."

"दोनच फुटले."

"तीन. तिसरा मी सांगितला नव्हता." तिनं चादरी उचलल्या. "आता त्या पायाला हात लावायचा नाही. शब्द द्या."

मिस्त्रींनी शब्द दिला. आणि त्याबरोबर त्यांचा फटका गेला.

त्यांनी नाना उपाय करून पाहिले. फोनवर ताल धरणारं अ‍ॅप लावलं, पण त्याची टकटक सारखीच, वर जायला एक आणि खाली यायला एक. मास्तरीणबाई म्हणाल्या, हे गोल्फ नाही, संचलन आहे. नळ थेंब-थेंब सोडून पाहिला. थेंब मनाला येईल तेव्हा पडायचा. स्वतःच घुरघुर करून पाहिली; पण आवाज काढायचा की काठी सांभाळायची, दोन्ही एकदम होईना, आणि घाईत 'धब' काठीच्या आधीच तोंडातून सटकायचं.

बायको हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. बघत नसल्यासारखं दाखवत बघत होती. काखेतला टॉवेल पडतो, मिस्त्री वाकून उचलतात. चेंडू चादर सोडून भिंतीला लागतो, तो पलीकडे मशीनखाली जातो. आणि तिथे मिस्त्री गुडघ्यांवर बसतात, एक हात पाठीमागे ठेवतात आणि दुसऱ्या हातानं झाडूच्या दांड्यानं चेंडू ओढून काढतात. पायाला चुकून बोटसुद्धा लागू नये म्हणून. तिनं गॅस बारीक केला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिनं बहिणीला फोन करून कळवलं, की रविवारी आपणही मैदानावर येतोय. बहिणीनं विचारलं, अचानक कसं काय? ती म्हणाली, घरात फार शांतता झालीय.

रविवारी तळ्याकाठी पाच माणसं होती. साडूंनी तीन चेंडू गवतावर मांडले, अगदी चष्म्याच्या काचा मांडाव्यात तसे हळुवार. मास्तरीणबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या. दोघी बहिणी मागच्या बाकावर.

पहिला चेंडू. मिस्त्रींनी दम धरला, हिसका दिला. पाण्यात एक बेडूक होता, त्यानं जागा बदलली.

दुसऱ्या चेंडूच्या वेळी त्यांनी आधी पाय जोडले, काठीचे हलके दोन झोके घेतले, उलट्या काठीनं सुर्र ऐकला. सगळं रीतसर. मग चेंडूपुढे उभे राहिले, साडूंकडे एकदा बघितलं, आणि खांदे पुन्हा नट सैल करायला धावले. हा चेंडू तर काठापासून हातभर अंतरावरच बुडाला. साडू हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या चेंडूपाशी मिस्त्री बराच वेळ नुसते उभे राहिले. तळवे पॅन्टला पुसले. पुन्हा पुसले.

मागे बाक करकरला. पावलं आली आणि त्यांच्या पाठीशी थोड्या अंतरावर थांबली. आणि मग, अगदी खालच्या आवाजात, फळीवरचे कप ज्याच्यापायी तीन वेळा गोळा करावे लागले होते, त्या मशीनच्या हुबेहूब सुरात बायको म्हणाली, "घुर्र-र्र-र्र..."

मिस्त्रींनी वळून बघितलं नाही. काठी आपोआप वर निघाली, सावकाश, जिथपर्यंत घुरघुर जाईल तिथपर्यंत.

"धब."

चेंडू कधी सुटला हे त्यांच्या हातांना कळलंही नाही. तो वर गेला, तळ्यावर आला, तळ्यावर थोडा जास्तच वेळ थांबल्यासारखा वाटला, आणि पलीकडच्या उतारावर पडला. पडला आणि मागे घरंगळू लागला. पाण्याकडे. मास्तरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. गवताचा एक झुपका होता, त्यानं चेंडूला अडवलं. चेंडू डुलला आणि बसला.

मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "फटका उत्तम. पण सामन्यात प्रेक्षकांनी आवाज करायचा नसतो, लक्षात ठेवा."

"मी कुठे प्रेक्षक," बायको म्हणाली. "मी तक्रारदार आहे."

मिस्त्री तेव्हा कुठे वळले. तिच्याकडे बघितलं, तर ती पदराला नसलेला कचरा झटकत होती. "आता डोक्यात बसलं ना सामन्यापुरतं?" तिनं विचारलं. "मी रोज रोज नाही करणार. घसा दुखतो." मिस्त्रींनी मान हलवली. बसलं होतं. आता तो आवाज मशीनचा राहिला नव्हता, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती.

साडू पुढे आले, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. दोघं पलीकडच्या झुपक्याकडे बघत होते. जोडी ठरली हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग साडूंनी स्वतःचा चेंडू गवतावर ठेवला, काठी धरली, आणि जरा अडखळत मागे बघितलं.

"ताई, माझ्यासाठीही एकदा लावा की ते मशीन."

ताईंनी लावलं. त्याच सुरात, तेवढंच लांब, मध्ये बहिणीला हसू फुटलं तरी न थांबता. साडूंची काठी घुर्रपाशी घुटमळली, धबच्या पुढे पळाली, आणि इतकी वर्षं तळं ओलांडणाऱ्या साडूंचा चेंडू पाण्याच्या बरोबर मध्यावर बुडाला. बेडकानं पुन्हा जागा बदलली.

साडू काठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती मिस्त्रींपुढे धरली, जसं एखादं गिऱ्हाईक दुकानात येऊन बिघडलेली वस्तू पुढे करतं.

मिस्त्रींनी ती घेतली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांनी साडूंच्या पायांकडे निरखून बघितलं, मान तिरकी केली, आणि म्हणाले, "पुढचा पाय सैल वाटतोय. पुढच्या रविवारी बघतोच."