ताईने मागे घेतलेला लेख

सकाळी चहा गाळत होतो तेव्हा सावेडीहून ताईच्या शेजारणीचा फोन आला. "सर, बाई दार उघडेनात. दुधाची पिशवी अजून बाहेरच आहे..." जामखेडहून मी पोहोचेपर्यंत कुलूप तोडलं होतं. माझी थोरली बहीण, प्रमिलाताई, झोपेतच गेली होती. दहाव्याच्या आत आमच्या गावात फ्लेक्स लागला, 'थोर कॅन्सर संशोधक, गावाचा अभिमान'. फोटो तिच्या तरुणपणीचा आणि खाली हात जोडलेले सहा पुढारी. माझं डोकंच फिरलं. राग पुढाऱ्यांचा आला असं म्हणून मोकळा झालो असतो, पण दीड महिना झाला, आता खरं ते लिहून टाकतो.

एका पेशीच्या दोन पेशी कशा होतात हे पाहण्यात ताईचं आयुष्य गेलं. मी गणिताचा मास्तर, मला ती भाकरीच्या पिठावर शिकवायची. गोळ्याचे दोन गोळे करायचे आणि आतल्या तिळांची वाटणी अगदी सारखी व्हायला हवी. एकीकडे तीळ जास्त गेले की पुढे बिघडतच जातं आणि पुष्कळदा कॅन्सरची वाट तिथून सुरू होते, म्हणायची. गावाला तीळ नको होते, औषध हवं होतं. ती आली की लोक पिशवीतून रिपोर्ट घेऊन ओट्यावर बसायचे आणि ती प्रत्येकाला सांगायची, "मी डॉक्टर आहे, पण तसली नाही." मग तिचा लेख परदेशात छापून आला. आम्ही सत्कार केला. तेव्हा गावच्या शाळेचा मुख्याध्यापक मीच होतो. शाळेच्या प्रयोगशाळेवर तिचं नाव रंगवून घेतलं ते मी, आणि छाती फुगवून फिरलो तोही मीच.

दोन वर्षांनी ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "दिनू, मी तो लेख मागे घेतेय." सहा वर्षं ती ज्या पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या समजून काम करत होती त्या स्तनाच्या नव्हत्याच. दुसऱ्याच कॅन्सरच्या, भराभर वाढणाऱ्या पेशी कधीतरी प्रयोगाच्या बशीत शिरल्या होत्या आणि त्यांनी मूळच्या पेशी संपवून टाकल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिलाच संशय आला, तिनेच तपासून घेतलं. मी म्हणालो, "ताई, कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "त्या लेखावर विसंबून कुणी पोरगी कुठेतरी काम करत असेल. तिची वर्षं कोण परत देणार?"

बातमी आली ती 'संशोधन खोटं ठरलं' अशी. चूक आणि खोटं यांत फरक असतो, हे छापायला जागा नसावी. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा माझ्या खोलीत येऊन बसले. "सर, बाईंनी लबाडी केली म्हनत्यात. पोरांना काय सांगायचं? नाव काढल्यालं बरं न्हाई का?" मी म्हणू शकलो असतो की अण्णा, उलट आता नाव मोठं करायला हवं. माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. नाव काढण्याचा ठराव मी लिहिला. माझ्या अक्षरात. शब्दसुद्धा कुणी सुचवले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला ताई गावी आली तेव्हा शाळेवरून गेलो. ती भिंतीसमोर थांबली. "पांढरा एकच हात दिलाय, खालचं दिसतंय अजून," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी ठरवलं रे?" मी म्हणालो, "संस्थेने." तिने मान हलवली आणि आम्ही जेवायला गेलो. त्यानंतर सात वर्षं ती होती, सावेडी काही विलायतेत नाही. मी दर महिन्याला जायचो, भाजी न्यायचो, तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो. ते एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

परवा अण्णा पुन्हा आले. "लई मोठी बाई हुती, सर. नाव परत टाकू. तुमी शाळेच्या अंकासाठी चार शब्द लिहा." हेच ते चार शब्द. छापले तर अण्णांनी वाचावेत.

गेल्या आठवड्यात फ्लॅट रिकामा करायला गेलो. प्रयोगशाळेतली सवय ताईने स्वयंपाकघरातही सोडली नव्हती. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्याला कागदाची पट्टी, त्यावर काय आहे, कधी केलं आणि काय चुकलं. 'साखरेचा अंदाज चुकला.' 'विरजण जुनं होतं.' शेवटच्या कप्प्यात लिंबाच्या लोणच्याची नवी बरणी होती. पट्टीवर लिहिलं होतं, 'दिनूसाठी. बिया राहिल्यात, कडू लागेल. चूक माझी.'

बरणी हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो. लोणचं खरंच कडू आहे. मी ते रोज खातो.