एस्कोने न दिलेला कोड

सिर्कू लेहतोवारा ताम्पेरे शहराच्या ग्रंथालयातले संगणक सांभाळायची. उरलेला सगळा वेळ तिने एका फाइल सिस्टीमला दिला होता. डिस्कवर फायली कुठे ठेवायच्या, मध्येच वीज गेली तरी त्या शाबूत कशा राखायच्या, हे सगळं ती प्रणाली बघायची. सिर्कूला ती संगणक चालवणाऱ्या लिनक्सवर आणायची होती. कोड इकडचाही खुला, तिकडचाही खुला. पण तो कोणत्या अटींवर वापरायचा हे सांगणारे दोन्हीकडचे परवाने एकमेकांशी जुळत नव्हते. कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने होकार दिला, तरच परवाना बदलता येणार होता.

सगळ्यांनी दिला. म्हाताऱ्या एस्को वायनियोनपाने दिला नाही. वीज गेल्यावर फायली सावरणारा भाग नेमका त्याचा. शेवटी सिर्कू गाडीत बसून थेट दूर उत्तरेला केमीला, त्याच्या घरी गेली.

म्हाताऱ्याने राईचा पाव आणि धुरावलेली मासळी पुढे केली.

"आधी खा. उत्तर तेच आहे."

"कारण तरी सांगा."

"एकदा असाच मोकळ्या हाताने कोड दिला होता. एका कंपनीने तो कुलपात घातला आणि मलाच विकायला आली."

"लिनक्सच्या परवान्यात तसं करताच येत नाही."

"माहीत आहे. पण आज तू हा परवाना मागतेस, उद्या दुसरा कुणी दुसरा मागेल. ज्या अटीवर दिलंय, त्याच अटीवर राहू दे."

"तुमच्या हट्टापायी सगळ्यांचं काम सडतंय."

"मग माझ्यावाचून करा. मी कुठे अडवलंय?"

परतीच्या वाटेवर ती औलू शहरापर्यंत धुमसत होती. मग तिच्या मनात आलं, म्हातारा बोलला ते खरंच आहे. कोड त्याचा, पण ते काम करण्याची रीत काही त्याच्या मालकीची नाही. तो भाग नव्याने लिहिता येईल. फक्त तिला नाही. एस्कोचा कोड तिने इतका वाचला होता, की तिच्या हातून तोच उतरला असता.

तिने जुना मित्र याल्मारीला गाठलं.

"एस्कोचा कोड कधी उघडलायस?"

"मी माझासुद्धा शक्यतो उघडत नाही."

"मग तूच लिहायचंस."

डिस्कवर काय घडायला हवं, तेवढंच सिर्कूने साध्या शब्दांत लिहून दिलं. याल्मारी अडायचा. उत्तर तिच्या ओठांवर असायचं.

"नुसती मान तरी हलव."

"नाही. चाचणी लाव, ती सांगेल."

आणि ती जिन्यात जाऊन उभी राहायची. हिवाळाभर त्यांनी चालत्या संगणकाचा प्लग उपटला आणि मेलेल्या फायली पाहिल्या. बर्फ वितळायला लागलं तेव्हा एकदाची एकही फाइल मेली नाही. फाइल सिस्टीम लिनक्सवर आली.

पहिली तक्रार केमीहून आली. 'वीज लागोपाठ दोनदा गेली की तुमचं फसतं. माझं फसत नाही. कसं, ते सांगणार नाही.'

"खडूस आहे म्हातारा," याल्मारी म्हणाला.

"अरे, पण वापरतोय ना आपलं," सिर्कू म्हणाली. "चल, प्लग काढ."