डेक बंद पडला तेव्हा

मोर्शीजवळच्या आमच्या मळ्यातला झेंडू अन् भाजीपाला जुन्या पिकअपमध्ये भरून बाबा रोज सकाळी अमरावतीच्या बाजारात नेत. मागच्या वर्षी त्यांनी गाडीत नवा डेक बसवला, दारांत मोठाले स्पीकर. "म्हातारपणी शौक सुचला," आई म्हणाली. गाडी वळणावर असतानाच घरात गाणं ऐकू येई.

दसऱ्याच्या तोंडावर माल जास्त होता, म्हणून मीही सोबत निघाले. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि डेक एकदम बंद पडला.

"बरं झालं बाबा, डोकं उठून राहिलं होतं," मी म्हणाले.

ते समोर बघत गुणगुणत राहिले, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून. गाणं तर थांबलं होतं! "बाबा," मी पुन्हा हाक मारली. मग ओरडून मारली. त्यांनी मान वळवली नाही.

तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न वाजला, लांबच लांब. समोर ट्रॅक्टर होता. बाबा त्याला ओलांडायला गाडी उजवीकडे घेऊ लागले. त्यांच्या बाजूच्या आरशावर ताडपत्रीचं टोक फडफडत होतं. मी त्यांचा दंड धरून जोरात ओढला. गाडी डावीकडे हेलकावली आणि ट्रक दाराला जवळजवळ घासूनच पुढे गेला.

बाबांनी गाडी कडेला घेतली. मी त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला.

"तुमाले ऐकू येत नाई?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "उन्हाळ्यापासून कमी झालं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी गाडी चालवू देल्ली असती का मले? डेक मोठ्यानं लावला की कोणी बोलत नाई. बोललं अन् मले समजलं नाई, तं लोकं म्हणतात आवाज लय हाये."

मला गाडी चालवता येत नव्हती. फुलं उन्हात मरगळत चालली होती. शेवटी असं ठरलं, की मागून हॉर्न वाजला की मी त्यांच्या खांद्यावर थाप मारायची. उरलेला सगळा रस्ता मी हात त्यांच्या खांद्यावरून काढला नाही. एसटी, ट्रक, मोटारसायकली. प्रत्येक हॉर्नला माझी थाप पडे आणि त्यांचा खांदा दचकून आखडे. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला हातालाच कळलं.

माल उतरवून आम्ही थेट कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. नस कमजोर झाली, मशीन लावा, म्हणाले. मशीननं थोडं ऐकू येतं. हिवाळ्यात मी गाडी शिकले, आता बाजाराची फेरी मीच करते. बाबा शेजारी बसतात. तरी ओव्हरटेक करताना माझी मान ताठते. मी आरशात बघते, पुन्हा बघते, आणि खिडकीची काच खालीच ठेवते, थंडीतसुद्धा.