तर्री-पोह्यांचं कुलूप

आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतकी कमी गुपितं असलेला, आणि ती इतक्या कडेकोट बंदोबस्तात ठेवणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि तेव्हापासून काळ्या खिडकीतल्या पांढऱ्या अक्षरांशी त्यांचा संसार सुरू झाला. काही अडलं की ते चिडत नसत. "थंडा हो बाबा, मंग बोलू," असं कॉम्प्युटरला समजावून तो बंद करत. अँजिओप्लास्टीनंतर काकूंनी त्यांचे तेलकट, झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे बंद केले, आणि काकांचे ईमेल तर त्या बिनदिक्कत वाचत. माझ्याबरोबर रविवारी टपरीवर जायचा बेत टिकवायचा, तर ईमेलला कुलूप लावणं भाग होतं.

माझ्याही कॉम्प्युटरवर त्यांनी त्या कुलपाचा प्रोग्राम घालायला लावला. या कुलपाच्या दोन किल्ल्या असतात म्हणे: बंद करायची सगळ्यांना वाटायची, उघडायची जिवापाड जपायची. "बंद करायची वाटून काय फायदा?" मी विचारलं. "मलेही समजून नाही राहिलं," काका म्हणाले, "पण तसं लिहिलं आहे." माझी बंद करायची किल्ली घेताना कॉम्प्युटरने त्यांना विचारलं, या माणसावर भरवसा किती? काकांनी लगेच मला फोन केला. "थोडासा, असं लिहून राहिलो गा. माही शिडी अजून तुह्यापाशीच आहे."

पहिला कुलूपबंद ईमेल आला आणि उघडेना. मी पासवर्ड पुन्हा टाकला, प्रोग्राम काढून परत घातला. पडद्यावर तेच, उघडायची किल्ली सापडत नाही. सापडणार कुठून? काकांनी तो माझ्या किल्लीऐवजी स्वतःच्याच किल्लीने बंद केला होता, म्हणजे तो फक्त त्यांनाच उघडता आला असता, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेवढ्यात काका गॅलरीत येऊन गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "काहून उत्तर देत नाही गा? रविवारी सात वाजता, तर्री-पोहे! हिले सांगू नको!" काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या. मी मान खाली घातली. "जा," त्या म्हणाल्या, "पण दोघांत एकच प्लेट घेजा."

गेल्या वर्षी काकू गेल्या. तो कॉम्प्युटर आता दुसरं कोणी उघडत नाही. तरी शनिवारी काकांचा ईमेल येतो, बरोबर माझ्या किल्लीने बंद केलेला. मी एकदा म्हटलं, काका, आता साधाच पाठवत जा ना. ते म्हणाले, "उघडा पाठवला तर ती घरात नाही, असं होते गा." रविवारी आम्ही जातोच. प्लेट मात्र दोघांत एकच मागवतो.