आधीच धुतलेले पाय

हुडकेश्वरच्या आमच्या शाळेत यमुताई सोळा वर्षांपासून मावशी म्हणून आहेत. गाव नरखेडकडचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, चपला फाटकाशी काढतात, सरस्वतीपुढे दिवा लावतात आणि मग झाडू हातात घेतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी तिथं मराठी शिकवते. देवाचं नाव मीही रोज घेते, पण त्या दिव्याच्या वेळेला मी एकदाही पोचलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी नवे संचालक आले आणि नवरात्रात कन्यापूजन सुरू झालं. नऊ मुली पाटावर बसवायच्या, संचालकांच्या बायकोनं, म्हणजे मॅडमनी, त्यांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, आणि संध्याकाळी व्हिडिओ पालकांच्या मोबाइलवर. यंदा अष्टमी रविवारी आली, तर शुक्रवारीच उरकलं.

पण मॅडमच्या हाताला मळ लागायला नको, म्हणून पाय आधीच नळावर साबणानं घासून आणायचे. ते काम यमुताईंचं. त्या खाली बसून एकेक पाय धुतात, पदरानं पुसतात आणि कोणाचं लक्ष नसताना त्यावर कपाळ टेकवतात. मग मॅडम चांदीच्या तांब्यातून दोन थेंब सोडतात आणि लगेच सॅनिटायझरनं हात चोळतात. त्या तांब्याचीच मला किळस आली आहे.

यंदा नवव्या पाटावर नूपुर होती. यमुताईंची नात, पहिलीतली, आरटीईच्या जागेवर आलेली. आठ दिवस ती घरी पाटावर बसायचा सराव करत होती म्हणे. लाल चुनरी बांधून बसली, तेवढ्यात एका विश्वस्तांची नात चिखल तुडवत आली. मुली दहा झाल्या. एक उठवा, असं मुख्याध्यापिका मला म्हणाल्या. कोणती, हे मी विचारलंही नाही. नूपुरची चुनरी मीच सोडली.

नव्या मुलीचे पाय पटकन धुऊन आणायला मुख्याध्यापिकांनी यमुताईंना सांगितलं. त्यांनी हातातला मग खाली ठेवला.

"पूजा ज्यायची हाय, पाय बी त्यायनंच धुवावं."

"यमुताई, ही काय वेळ आहे का?"

"नऊ जणींचे धुतले मी. माही पूजा झाली."

कॅमेरा सुरूच होता. मॅडमनी ते चिखलाचं पाऊल दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं, आणि पोरीनं घाबरून पाय ओढून घेतला. तेवढा भाग नंतर कापला. संध्याकाळच्या व्हिडिओत मी मोजल्या, मुली आठच होत्या.

त्या दिवशी दुपारी शाळा सुटताना मात्र मी फाटकाशी होते. नूपुर विचारत होती, "मले काहून उठवलं वं आजी?"

यमुताई चपला घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या टीचरले विचार."

तिनं अजून विचारलेलं नाही.